धुऱ्यावरच्या रोहनच्या झाडासाठी वनरक्षक ताईंचे जाहीर आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. त्या दिवशी मी आभार मानायला गेलो तर “त्यात काय एवढं” म्हणून तुम्ही गाडीला किक मारली. म्हणून आता चारचौघांसमोर लिहितो आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात, आमच्या भागात साग, मोह, पळस, तेंदू शेंबडं पोरही ओळखतं. पण आमच्या वावराच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, त्या थोराड झाडाला कोणी नाव सांगेना. जंगल मागे सरकत गेलं, झाडं ओळखणारी म्हातारी माणसंही गेली. मोजणीला आलेल्या साहेबांनी गाडीची काच अर्धी खाली करून पाहिलं आणि कागदावर ‘जंगली झाड’ लिहिलं. एका तज्ज्ञांनी फोटो मागवले. साल, पान, फळ सगळं पाठवलं, उत्तर आजतागायत नाही. लाकडाचा व्यापारी म्हणाला, जळतनाचं आहे, जळतनाचाच भाव मिळेल. मोबाईलनं महोगनी सांगितलं. या सगळ्यांचा मला अजून राग आहे. माहीत नसणं समजू शकतो, पण खाली उतरून झाडाला हात लावायलाही कोणी तयार नव्हतं.

आणि बाबांना तर कोणी काही विचारलंच नाही. मोतीबिंदूनं त्यांना आता अंधुक दिसतं, म्हणून येणारा प्रत्येक जण त्यांच्या डोक्यावरून माझ्याशी बोलायचा.

तुम्ही आलात आणि आधी बाबांच्या समोर धुऱ्यावर, मातीत बसलात. झाडाकडे नंतर पाहिलंत. खाली पडलेलं एक फळ त्यांच्या हातात दिलंत आणि विचारलंत, “बाबा, हे वाळल्यावर कुठून फुटते?” बाबांनी बोटं फिरवली आणि एका दमात सांगितलं, “वरून फुटते बाई, पाच फाका होते. अन् आतल्या बिया वाऱ्यानं उडते.” मग न विचारता पुढचंही सांगितलं, की त्यांच्या लहानपणी ताप आला की आजी याच सालीचा काढा पाजायची, जहरासारखा कडू. हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. एवढी वर्षं त्यांच्या शेजारी राहून.

तुमचा चेहरा तेव्हा उजळला, ते मी पाहिलं. मग तुम्ही आम्हाला झाड दाखवलंत. आपोआप सुटलेला सालीचा एक खवला तेवढा उचललात, कोयता लावला नाही. आतून तांबूस साल, जिभेला कडू. पान संयुक्त, म्हणजे एकाच देठावर अनेक छोटी पानं, पर्णिका; त्या जोडीजोडीनं, टोकाला एकटी पर्णिका नाही. कडुनिंबासारखे कडेला दाते नाहीत, कड सरळ. पर्णिकेचा तळ मात्र एका बाजूला कललेला, देठ लालसर. आणि फळ काळं, लाकडासारखं टणक, उमललं की पाच पाकळ्यांचं लाकडी फूलच. महोगनीचं फळ याच्याहून कितीतरी मोठं असतं आणि ते फुटतं देठाकडून, हे टोकाकडून. बाबांच्या एका वाक्यानं महोगनी बाद झाली होती.

“रोहन आहे बाबा,” असं तुम्ही त्यांनाच सांगितलंत, मला नाही.

नंतर मी वाचलं. रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८ व्या शतकाच्या अखेरीस या झाडाला महोगनीच्याच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, बसवलं होतं. १८३० मध्ये जुस्यू या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याच्यासाठी वेगळी प्रजाती केली, आणि त्या प्रजातीत आजही हे एकटंच आहे. साल तापावरचं औषध म्हणून त्या काळीही नावाजलेली होती. म्हणजे माझी पणजी आजीबाईचा बटवा म्हणून जे करत होती, त्याचीच तपासणी तेव्हाचे डॉक्टर करत होते. लाकूड लाल, जड, टिकाऊ. त्याला जळतन म्हणणाऱ्या व्यापाऱ्याला आता वावरात पाय ठेवू देणार नाही.

तुमच्या हद्दीत वणवे असतात, अतिक्रमणं असतात, वाघाच्या भीतीनं रात्री-अपरात्री लोकांचे फोन येतात. एवढ्या धबडग्यात दुसऱ्याच्या धुऱ्यावरच्या एका झाडासाठी तुम्ही उन्हातान्हात थांबलात. ते ज्ञान वरिष्ठांनाही असेल. पण म्हाताऱ्या माणसाला खाली बसून विचारावं, त्याचं उत्तर पुरावा म्हणून धरावं, हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवतात मला माहीत नाही. तुमच्या आईवडिलांनी शिकवलं असणार. त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

बाबा आता येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून झाड दाखवतात, साल चाखायला लावतात. तुम्ही रोपवाटिकेसाठी बिया मागितल्या होत्या, त्या त्यांनी कापडी पिशवीत काढून ठेवल्या आहेत. पाऊस लागायच्या आत या, नाल्याला पाणी आलं की आमच्याकडे गाडी येत नाही. जेवूनच जायचं आहे, हे आईनं आधीच सांगून ठेवलं आहे.

आपला भाऊ,
घाटंजी तालुक्यातला एक शेतकरी