आधी वीज-पाणी, मग भूखंड

संपादक महोदय,

गोव्यात पेडणे तालुक्यातल्या मोपाला विमानतळ झाला, आता पेडण्यात कारखाने येणार, असे जो तो म्हणतो. ते यावेत असे मलाही मनापासून वाटते. पण कोणती सोय आधी होते आणि कोणती मागून, यावर तिथे कोण तग धरणार हे ठरते. आमच्या घराने ते सोसले आहे.

वडिलांचा म्हापशात पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना होता. 5 जुलै 1986 रोजी म्हापशाहून पणजीला जायच्या वाटेवरचा मांडवी नदीचा पूल कोसळला, नवा झाला तो 1992 मध्ये. तोवर आमचा टेंपो बेतीला फेरीबोटीच्या रांगेत. पावसात ताडपत्री बांधूनही वरचे थर भिजत आणि गिऱ्हाईक माल परत पाठवी. पणजीपलीकडची दोन मोठी गिऱ्हाइके त्यातच तुटली. पूल झाला, ती परत आली नाहीत.

दक्षिण गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीला मात्र मुरगाव बंदर, दाबोळी विमानतळ आणि मडगाव स्टेशन आधीपासून हाताशी होते, साळावली धरणाचे पाणीही. तिथे औषध कंपन्या रुजल्या आणि त्यांच्यामागून छपाईवाले, लेबलवाले, खोकेवाले गेले.

पेडण्यात क्रम उलटा झाला. विमाने 5 जानेवारी 2023 पासून उडू लागली आणि जमिनीचे भाव आधी चढले. हॉटेलवाला टँकर आणि जनरेटरवर निभावून नेतो. आम्हाला ते जमत नाही. आमच्या मशीनचे रूळ वाफेवर तापलेले असतात. वीज गेली की कागद रुळालाच चिकटून करपतो, खळ घट्ट होते, तेवढा कागद कापून फेकावा लागतो. दिवसात तीनदा असे झाले की पाळी फुकट. जनरेटर लावून पाहिला, पण डिझेलचा खर्च खोक्याच्या दरात बसत नाही.

माझा मुलगा पेडण्यात शेडसाठी जागा बघायला गेला होता. भाव ऐकून परत आला. आता तो महाराष्ट्रात, कुडाळच्या एमआयडीसीत चौकशी करतो आहे.

सरकारला कळकळीची विनंती आहे: पेडण्यात नवे भूखंड देण्याआधी उद्योगांसाठी वेगळे वीज उपकेंद्र उभारा आणि तिळारी धरणाचे पाणी वसाहतीच्या फाटकापर्यंत आणा. आणि लहान शेड पहिल्याच वाटपात राखून ठेवा, मोठ्यांना देऊन उरलेल्या कोपऱ्यात नकोत.

– एक लघुउद्योजिका, म्हापसा