आरोपाची पाटी तीन भाषांत होती : गोव्याच्या कायदामंत्र्यांना खुले पत्र

माननीय कायदामंत्री,
गोवा राज्य

सप्रेम नमस्कार.

मी डिचोली तालुक्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. धर्माने ख्रिस्ती, घरची बोली कोंकणी, आणि शिकले-शिकवलं ते सगळं मराठीतून. आमच्या बाजूला यात कुणाला नवल वाटत नाही. माझी आई तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, कोंकणीत म्हणायची आणि दुकानाची यादी मराठीत लिहायची. चौथीपर्यंतच्या शाळेत गिरवलेली तिची देवनागरी सही शेवटपर्यंत वळणदार राहिली. त्या सहीमुळेच हे पत्र लिहिते आहे : कोर्टात साक्षीदाराचं बोलणं त्याच्याच भाषेत लिहिलं जावं, हे मागण्यासाठी.

काही वर्षांपूर्वी आमच्या राहत्या घराचा दावा कोर्टात होता. कुठल्या कोर्टात ते सांगत नाही, कारण तिथल्या कुणाचा हेतू वाईट होता असं मला वाटत नाही. समोरची बाजू भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची. तेही ख्रिस्तीच, आणि मिसेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, आमच्या दोन बाकं पुढे बसणारे. घराची एक भिंत पावसात पडली होती, दुरुस्ती होईपर्यंत आम्ही मावशीकडे होतो, आणि तेवढ्या काळाचा फायदा घेऊन 'हे लोक इथे राहतच नव्हते' असं म्हणणं मांडलं गेलं. आई साक्षीदार म्हणून उभी राहिली. ईश्वराला स्मरून खरं सांगेन, खऱ्याशिवाय काही सांगणार नाही, अशी शपथ तिने घेतली. शपथ घेताना तिचा उजवा हात नकळत कपाळाकडे गेला, खुरीस, म्हणजे क्रुसाची खूण, करायला. मग तिने तो खाली घेतला.

उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी विचारलं, भिंत पडण्याआधी तुम्ही त्या घरात काय करत होता? प्रश्न इंग्रजीत आला, कोणीतरी तो कोंकणीत सांगितला. आईला तो प्रश्नच चमत्कारिक वाटला असणार. ती म्हणाली, "किदें करतालें म्हणजे? हांव थंयच रावतालें."

आपण गोव्याचे, आपल्याला हे समजावून सांगायला नको. पण हे पत्र वाचणाऱ्या घाटावरच्या वाचकांसाठी सांगते. कोंकणीत 'रावप' म्हणजे राहणं, वस्ती करणं. आणि 'रावप' म्हणजेच थांबणं, वाट बघत उभं राहणं. बसस्टॉपवरही माणूस 'रावता' आणि स्वतःच्या घरातही 'रावता'. कुठला अर्थ घ्यायचा हे ऐकणाऱ्याला संदर्भावरून कळतं. माझी आई पन्नासेक वर्षं ज्या घरात नांदली त्या घराबद्दल बोलत होती. टंकलेखकाच्या कागदावर इंग्रजीत उतरलं ते असं की, 'मी तिथे थांबत असे.'

तिने सही केली. कागद इंग्रजीत, सही देवनागरीत. सहीच्या वर साक्षीच्या प्रत्येक कागदावर असतात तीच अक्षरं होती, आर. ओ. अँड ए. सी. म्हणजे वाचून दाखवलं आणि साक्षीदाराने बरोबर असल्याचं कबूल केलं. कुणी वाचून दाखवलं नव्हतं. बाहेर पुढची प्रकरणं ताटकळत होती, घाई होती, आणि आईला विचारण्याची हिंमत नव्हती. प्रमाणित नक्कल हाती आली तेव्हा मी ती घरी शब्द लावत वाचली आणि त्या ओळीवर अडकले.

चूक दुरुस्त करून घ्यायला, आईला पुन्हा साक्षीला बोलावून घ्यायला चौदा महिने लागले. पुन्हा उभी राहिली तेव्हा पहिलाच प्रश्न आला, "तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?" वकिलांचं ते कामच, त्यांना दोष देत नाही. पण त्या रात्री जेवताना आईने मला विचारलं, "हांव फट उलयलें काय गो?" आणि त्या शनिवारी ती कुमसाराला, फादरपुढे पापांची कबुली द्यायला, गेली. न बोललेल्या खोट्याचं पाप तिने कबूल केलं. फादर काय म्हणाले ते तिनेच मला नंतर सांगितलं, हे पाप नव्हे, मनातून काढून टाक. तिच्या मनातून ते गेलं नाही. दावा पुढे तडजोडीने मिटला, घर आमच्याकडे राहिलं, आई गेली. तरीही तो कागद मी जपून ठेवला आहे.

कोर्टात न्याय मिळतो की नाही, हा प्रश्न लोक बहुधा निकालावरून ठरवतात. मला माझ्या धर्माने तो आधीच्या पायरीवर पाहायला शिकवलं. आमच्या कॅथलिक बायबलमध्ये दानीएलच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात सुसान्नेची गोष्ट आहे. दोन प्रतिष्ठित म्हाताऱ्यांनी तिच्यावर व्यभिचाराचा खोटा आळ घेतला. लोकांनी त्यांच्या वयाकडे नि मानाकडे पाहून विश्वास ठेवला आणि तिला मृत्युदंड सुनावला. तेव्हा तरुण दानीएलने दोघांना वेगवेगळं उभं केलं आणि एकच विचारलं, कुठल्या झाडाखाली पाहिलंत? एकाने एका झाडाचं नाव घेतलं, दुसऱ्याने दुसऱ्याच. सुसान्ना वाचली. उलटतपासणी म्हणजे काय हे मी आधी या गोष्टीतून शिकले, कोर्टाच्या बाकावर नंतर. आईचा कागद हातात आल्यापासून मात्र ही गोष्ट मला वेगळी दिसते. समजा लिहून घेणाऱ्याने दोघांचंही उत्तर नुसतं 'झाडाखाली' असं टिपलं असतं तर? तो अप्रामाणिक नसता, फक्त घाईत असता. सुसान्नेचा जीव एका शब्दावर तरला होता.

आपल्याच गोव्यातली दुसरी बाजूही मला लपवायची नाही. ख्रिस्ताच्या नावाने इथे एक न्यायसभा भरत होती. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली चारेक वर्षं सोडली तर, इन्क्विझिशन जुन्या गोव्यात चाललं. त्याच्या वाड्याला लोक 'व्हडलें घर' म्हणत. आज तिथे काही उरलेलं नाही, से कॅथेड्रलसमोर उभं राहून जागेचा अंदाज तेवढा करता येतो. सतराव्या शतकात शार्ल देलों नावाच्या फ्रेंच डॉक्टरला दमणहून पकडून तिथे आणलं. सुटून गेल्यावर त्याने जे लिहिलं ते वाचलं की छातीत धस्स होतं. आरोप काय ते आरोपीला सांगायचं नाही, कुणी चहाडी केली तेही सांगायचं नाही, त्यानेच आठवून आठवून आपला गुन्हा कबूल करायचा. ज्या योहानच्या शुभवर्तमानात निकदेम विचारतो, माणसाचं ऐकून घेतल्याशिवाय आपलं नियमशास्त्र त्याला दोषी ठरवतं काय, तेच शुभवर्तमान शेजारच्या चर्चमध्ये वाचलं जात होतं. मी ख्रिस्ती आहे म्हणूनच हे मला जास्त लागतं. आणि १६८४ मध्ये व्हाइसरॉयने हुकूम काढला की तीन वर्षांच्या आत लोकांनी कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. माणसाच्या तोंडची भाषा काढून घेतली की त्याची बाजूही काढून घेता येते, हे त्या राज्यकर्त्यांना नीट कळलेलं होतं.

पण त्याच पंथात त्याआधी फादर थॉमस स्टीफन्सही होऊन गेले. इंग्लंडात जन्मलेले, १५७९ मध्ये गोव्यात आलेले जेझुइट. त्यांना इथल्या माणसाशी बोलायचं होतं, म्हणून ते इथल्या माणसाची भाषा शिकले आणि ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली. १६१६ मध्ये गोव्यातल्याच रायतूरला ती छापली गेली. आमच्या पिढीने आणखी एक बदल डोळ्यांदेखत पाहिला. आईच्या तरुणपणी मिस लॅटिनमध्ये होत असे. ती गुडघे टेकून तेर्स म्हणत बसायची, पुढे काय चाललंय ते तिला घंटेवरून कळायचं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस कोंकणीत आली. शेकडो वर्षं वापरलेली, विद्वत्तेची, नेमकेपणाची भाषा चर्चने बाजूला ठेवली. काही जाणत्यांना ते दुखलं. आई म्हणायची, "आतां म्हाका कळटा, हांव कित्याक आमेन म्हणटां तें."

मंत्रिमहोदय, कोर्टात माझी आई पुन्हा लॅटिनच्या काळात जाऊन पोचली होती. काय चाललंय ते न कळता तिने आमेन म्हटलं आणि खाली सही केली.

मी वकील नाही, पण हा अधिकार आपल्या हाती आहे एवढं मी वाचलं आहे. उच्च न्यायालय सोडून राज्यातल्या बाकी कोर्टांची भाषा कोणती असावी हे राज्य सरकार ठरवू शकतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३७ मध्ये तशी तरतूद आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३०७ मध्येही. राजभाषा कायदा आपण १९८७ सालीच केला, त्यात कोंकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीलाही जागा मिळाली. ज्या मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाखाली आपली कोर्टं येतात, त्याच उच्च न्यायालयाखालच्या महाराष्ट्रातल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे. तिथेही इंग्रजी सुटलेली नाही हे मला ठाऊक आहे. तरी सोलापूरच्या साक्षीदाराचे शब्द त्याच्याच शब्दांत कागदावर उतरू शकतात, आणि डिचोलीच्या बाईचे नाहीत, हे मला पटत नाही.

इंग्रजी हटवा असं मी म्हणत नाही. अपील पर्वरीला, उच्च न्यायालयात, गेलं की सगळं इंग्रजीत लागतं, वकिलांची ही अडचण खरी आहे. माझं मागणं त्याहून लहान आहे. साक्षीदार जे बोलला ते आधी त्याच्या भाषेत, त्याच्या शब्दांत लिहिलं जावं, आणि इंग्रजी भाषांतर त्याच्या शेजारी. मग वाद झालाच तर मूळ शब्द समोर असेल, 'रावतालें' म्हणजे काय यावर न्यायाधीशच निर्णय देतील. आज तो शब्दच कागदावर नसतो, आणि भाषांतरकाराची चूक साक्षीदाराचं खोटं बनते. देवनागरीत लिहिणारे लघुलेखक आणि पगारी दुभाषे नेमावे लागतील. दुभाष्याचं काम आज हाताशी असेल त्या कारकुनाकडून उरकलं जातं, ते मी पाहिलं आहे. आणि माझ्याच समाजातली कितीतरी माणसं कोंकणी फक्त रोमी लिपीत वाचतात. त्यांना देवनागरी कागद पुढे करून सही मागितली तर ती पुन्हा तीच गोष्ट होईल. त्यांच्यासाठी साक्षीचं ध्वनिमुद्रण ठेवावं. फौजदारी खटल्यांत दृक्-श्राव्य नोंद करायची मुभा कायद्यात आहेच. वेर्ण्याच्या कारखान्यातला ओडिया मजूर, वास्कोच्या झोपडीतली कन्नड बाई, यांच्यासाठीही दुभाषा लागेल. ख्रिस्ती म्हणून मी फक्त माझ्या माणसांपुरतं मागू शकत नाही.

एक गोष्ट तर नवीन कायदा न करता, उद्यापासून होण्यासारखी आहे. साक्ष एका भाषेत दिली आणि नोंद दुसऱ्या भाषेत झाली, आणि ती दुसरी भाषा साक्षीदाराला येत नसेल, तर लिहिलेलं त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगायचं असतं. दिवाणी संहितेच्या आदेश १८ मधला नियम ६ हेच सांगतो. आर. ओ. अँड ए. सी. ही अक्षरं त्यासाठीच आहेत. ती आधी खरी करायची, मग लिहायची. उच्च न्यायालयाशी बोलून आपण एवढं तरी घडवून आणावं.

दर गुड फ्रायडेला आमच्याकडे योहानच्या शुभवर्तमानातली येशूच्या खटल्याची कथा वाचतात. यंदा ऐकताना एक ओळ प्रथमच माझ्या कानात राहिली. रोमन सुभेदार पिलाताने येशूला क्रुसावर दिलं, न्याय केला नाही, हे तर सगळ्यांनाच माहीत आहे. पण आरोप काय होता त्याची पाटी त्याने क्रुसावर लावली, ती इब्री, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत. जवळून जाणाऱ्या पुष्कळांना ती वाचता आली, असं योहान लिहितो. त्या अन्यायी माणसालाही एवढं कळलं होतं की आरोप लोकांना वाचता यायला हवा.

आईच्या साक्षीची नक्कल माझ्या कपाटात आहे. आपण वेळ द्याल त्या दिवशी पणजीला घेऊन येते. चार पानांचा कागद आहे, तिसऱ्या पानावर ती ओळ आहे, आणि खाली तिची सही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
डिचोली