मोतीबिंदू थांबेल, पडदा थांबत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात मोफत नेत्रतपासणी शिबिरांच्या बातम्या वरचेवर येतात. शिबिरे व्हावीतच. पण त्यातून आपल्याकडे एक समज घट्ट बसला आहे की दिसायला कमी लागले म्हणजे मोतीबिंदू, आणि मोतीबिंदू म्हटला की घाई नाही. आंब्याचा सीझन आटपू दे, गणपती होऊ दे, मुंबईचा मुलगा येऊ दे, मग बघू. 1976 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचा भरही मुख्यतः मोतीबिंदूवरच राहिला. त्याने लाखोंना दृष्टी दिली, हे मान्य. मात्र डोळ्याचा पडदा, म्हणजे रेटिना, सुटायला लागला तर ‘मग बघू’ची सोय नसते.

मालवणात माझे चष्म्याचे दुकान आहे. मी डॉक्टर नाही, पण असा माणूस डॉक्टरच्या आधी माझ्याकडे येतो, कारण त्याला वाटते नंबर बदलला. गेल्या हंगामात एक रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणारा मच्छीमार, आला. पन्नाशी उलटलेला, लहानपणापासून जाड भिंगांचा, उणे आठचा चष्मा. म्हणाला, “डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात रातची वीज चमाकता. आणि काळे ठिपके तर असे, की कोणी काजळी फुकल्यान. काच खराब झाली काय बघ.”

काच उत्तम होती. मी त्याला उजवा डोळा तळहाताने झाकून समोरच्या कॅलेंडरकडे बघायला लावले. मधल्या तारखा दिसत होत्या, खालच्या दोन ओळी नव्हत्याच. दोन्ही डोळे उघडे ठेवले की सगळे जागच्या जागी. एका डोळ्याची उणीव दुसरा झाकून घेतो. तरी त्याचे आपले एकच, “दुखत नाय काय नाय, शनवारी शिबिर आसा, थय दाखवतंय.” दुखत नाही, डोळा लाल होत नाही, हीच या आजाराची खोड. मी त्याच्या मुलाला फोन लावला आणि त्याच संध्याकाळी त्याला कोल्हापूरला पडद्याच्या डॉक्टरकडे धाडले.

डोळ्याच्या पोटात पारदर्शक जेली असते. वयाबरोबर ती पातळ होते, आकसते आणि मागच्या पडद्यापासून सुटी होते. हे बहुतेकांचे होते आणि बहुतेकांचे काही बिघडत नाही. (लख्ख आभाळाकडे बघताना वर्षानुवर्षे तरंगणारा एखादा धागा दिसत असेल तर त्याने झोप उडवून घेऊ नये.) पण सुटताना जेलीने पडदा ओढला की डोळ्यात लखलखते, आणि ओढ जोराची असली तर पडदा फाटतो. अशी लक्षणे अचानक सुरू झालेल्या दहा जणांत साधारण एकाला फाट सापडते. तिच्यातून पाणी पडद्यामागे शिरते आणि ओल धरलेल्या भिंतीचा गिलावा सुटावा तसा पडदा सुटत जातो. मागच्या थरातून मिळणारा प्राणवायू तुटला की त्याच्या पेशी मरू लागतात. डोळ्यात प्रतिमा उलटी पडते, म्हणून पडदा वरून सुटला की सावली खालून चढते. रापणकराच्या कॅलेंडरचे गूढ ते हेच. वरून सुटणाऱ्या पडद्याला तर वेळ आणखीच कमी, कारण पाणी भाराने खाली उतरत मधोमध पोचते.

त्या मधल्या बारीकशा जागेनेच आपण वाचतो, सुई ओवतो. ती सुटायच्या आत शस्त्रक्रिया झाली तर नजर बहुधा राखता येते. रापणकराची राहिली. आमच्या वाडीतल्या एका काकींची मात्र तशी राहिली नाही. मोतीबिंदूचे ऑपरेशन आधी होऊन गेलेले, “आता काय होतला त्या डोळ्याक?” या भरवशावर त्यांनी सावली दिसत असताना गौरी-गणपती उरकले. पडदा नंतर बसवला, पण पोथीतली ओळ त्यांना अजून वाकडी दिसते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पडदा सुटण्याचा धोका काहीसा वाढतो, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. शिबिरातून मिळालेल्या कागदावर थेंब कधी घालायचे आणि डोक्यावरून आंघोळ कधी करायची एवढेच छापलेले होते.

उणे सहाच्या पुढे नंबर असलेल्यांनी विशेष जपावे. त्यांचा डोळा लांबट असतो आणि पडदा ताणून पातळ झालेला असतो. लेसरने नंबर घालवलेली तरुण मुले दुकानात येऊन जुनी फ्रेम परत घेता का विचारतात. चष्मा गेला तरी डोळा लांबट तो लांबटच, धोकाही तोच, हे त्यांना ठाऊक नसते. घरात कुणाचा पडदा सुटला असेल, किंवा स्वतःच्याच एका डोळ्याचा सुटला असेल, तरी तेच. आणि आपल्याकडे मार काय कमी लागतात? अंडरआर्मच्या सामन्यात डोळ्यावर चेंडू, आंबे काढताना घळीची काठी, माडाची झावळ. सूज उतरली म्हणून विषय संपत नाही. अशा माराने पडदा काही महिन्यांनीही सुटू शकतो.

नुसती फाट असतानाच सापडली तर लेसरने तिच्या कडा चिकटवतात आणि माणूस त्याच दिवशी घरी येतो. पडदा सुटल्यावर मात्र बाहेरून पट्टा घालणे, नाहीतर आतली जेली काढून गॅस किंवा सिलिकॉन तेल भरणे, असे मोठे काम होते. गॅस भरलेला असताना विमानप्रवास पूर्ण बंद, मग ते विमान चिपीचे असो की मोपाचे. उंचीवर गॅस फुगून डोळ्यातला दाब वाढतो. घाटमार्गे परतायचे असेल तर तेही डॉक्टरांना विचारूनच.

माझी मागणी छोटी आहे. शिबिराच्या संयोजकांनी मोतीबिंदूच्या कागदावर चार ओळी वाढवाव्यात: अचानक लखलखाट, काळ्या ठिपक्यांचा सडा, कडेने चढणारी सावली, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरकडे. आशाताईंना हे सांगून ठेवावे. माझ्या व्यवसायबंधूंनी अशा गिऱ्हाइकाला नवा चष्मा विकू नये. आणि आपणही शिबिराच्या बातमीशेजारी ही चौकट छापावी. तपासणीला जाताना सोबत कुणीतरी असावे, हेही तिच्यात असू द्या. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की पुढचे काही तास मोटारसायकल चालवता येत नाही.

आपला,
एक चष्मा दुकानदार, मालवण