इको रूममधल्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मागच्या जूनमध्ये परळला तुम्ही जिचा टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केलात, त्या लालबागच्या निवृत्त गणिताच्या बाईंची मी मुलगी.

त्याआधीचं वर्ष आम्ही फुकट घालवलं. चाळीचे तीन जिने चढताना आई प्रत्येक वळणावर कठडा धरून थांबायची. गणपतीत आरतीला नुसत्या टाळ्या वाजवायची, आवाज फुटायचा नाही. एका डॉक्टरांनी दमा म्हणून पंप दिला, दुसऱ्यांनी वजन उतरवायला सांगितलं. बीपी प्रत्येक वेळी छान! हाताला पट्टा बांधून मोजतात तो दाब वेगळा आणि फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला वेगळा, हे आम्हाला कुठे माहीत होतं?

तुम्ही आधी दार लावून घेतलंत, आईच्या अंगावर चादर घातलीत. मग डाव्या कुशीवर वळवून जेल लावलं. चित्र नीट येईना. बाहेर रांग होती, मी अस्वस्थ झाले, पण तुम्ही हात काढला नाहीत. दोन बरगड्यांच्या मधून बघितलंत, मग पोटाकडून. "काकू, श्वास सोडा... आता थांबा." नंतर म्हणालात, "फूल हुंगता ना, तसं जोरात हुंगा." हुंगल्यावर पोटातली मोठी शीर किती आकसते, त्यावरून उजव्या बाजूच्या दाबाचा अंदाज येतो, हे मला मागाहून कळलं.

आईने विचारलं म्हणून तुम्ही हिशेबही सांगितलात. उजवीकडच्या झडपेतून उलट येणाऱ्या रक्ताचा वेग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, चाराने गुणायचं. वेग होता सेकंदाला ४ मीटर. कुशीवर पडल्या पडल्या आई पुटपुटली, "चारचा वर्ग सोळा, सोळा चोक चौसष्ट." त्यात उजव्या कर्णिकेचा, म्हणजे हृदयाच्या उजवीकडच्या वरच्या कप्प्याचा, दाब १० धरला; फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला ठोक्याच्या वेळचा दाब अंदाजे ७४ झाला. तुम्ही हसलात, पण "हे काय आहे ते सर सांगतील" एवढंच म्हणालात. ती मर्यादा तुम्ही पाळलीत, तरी रिपोर्ट हातात देऊन आम्हाला घरी पाठवलं नाहीत. स्वतः उठून सरांना बोलावून आणलंत. मधला पडदा डावीकडे ढकलला जाऊन गोल दिसायला हवा तो डावा कप्पा इंग्रजी डीसारखा चपटा झालेला त्यांनी स्क्रीनवरच दाखवला.

पुढे एमआरआय झाला. उजवा कप्पा किती ताणलाय आणि दर ठोक्याला किती रक्त बाहेर टाकतो, ते मोजायला तो सगळ्यात भरवशाचा. मग फुफ्फुसांचा स्कॅन: हवा सगळीकडे पोचत होती, रक्त काही भागांत पोचतच नव्हतं. जुन्या गुठळ्या! पायात गुठळी झाली होती त्याला दोन वर्षं होऊन गेली होती, आम्ही ते विसरूनही गेलो होतो. हृदयात नळी घालून फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब थेट मोजणं मात्र टळलं नाही, आणि ते योग्यच झालं. इकोचा आकडा अंदाजाचा असतो, निदान पक्कं होतं ते त्या मोजणीवर. विश्रांतीत सरासरी २० च्या वर गेला की दाब वाढलेला धरतात, आईचा ४६ निघाला. पण गुठळ्यांमुळे झालेला हा प्रकार ऑपरेशनने सुधारू शकतो, म्हणून आमचं नशीब. नोव्हेंबरमध्ये गुठळ्या काढल्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या आता जन्मभर.

ताई, त्या दिवशी "चित्र अस्पष्ट" असं लिहून तुम्ही पुढच्या पेशंटला हाक मारली असतीत, तरी तुम्हाला कुणी बोललं नसतं. आम्ही पंप घेऊन परत जिना चढलो असतो.

गेल्या महिन्यात पुन्हा इको झाला. तुम्ही रजेवर होतात, आई हिरमुसली. वेग आला २.६. तिने रिपोर्टच्या पाकिटावरच पेन्सिलीने गुणाकार केला, २७.०४, आणि खाली रेघ मारून लिहिलं, "इकोवाल्या ताईंना दाखवणे". पाकीट जपून ठेवलंय. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे, तेव्हा रजा घेऊ नका.

तुमची,
लालबागच्या बाईंची मुलगी