माळ लागली एकदाची

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले, पण मी शिडीवर होतो. थाप नाही, खरंच शिडीवर. नाताळात घराला रोषणाई करायचं आमचं खूळ यंदाही सुटलेलं नाही. काल रात्री साडेअकराला शेवटची माळ लागली एकदाची.

तू लिहितोस, आता तर एलईडीच्या माळा मिळतात, प्लग खोचला की झालं, तुम्हाला आठ-आठ दिवस कसले लागतात? लागतात रे. खोकं उघडण्यातच पहिला दिवस जातो. गेल्या वर्षी प्रत्येक माळ मी स्वतः पुठ्ठ्याला गुंडाळून ठेवली होती. तरी गुंता! बायकोचं म्हणणं, मी पुठ्ठा गुंडाळला होता, माळ नाही.

बाबांची जुनी माळ आठवते? तू कुतूहलानं एक बल्ब उपसलास आणि अख्खी माळ विझली, ती. सीरिजमधली माळ ती. एकेक बल्ब जेमतेम अडीच व्होल्टचा, म्हणून पुष्कळ बल्ब एकामागे एक ओवून घरच्या विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट, सगळ्यांत वाटून टाकायचा. तुला तेव्हा वाटलं होतं, की बल्ब उडाला तरी असंच होत असणार. तसं होत नाही. बल्बच्या बुडाशी एक बारीकशी तार गुंडाळलेली असते, तिच्यावर वीज अडवणारा ऑक्साइडचा पापुद्रा. फिलामेंट तुटलं की सगळा दाब त्या एकाच बल्बवर येतो, पापुद्रा फुटतो आणि वीज त्या तारेतून पुढे जाते. बल्ब मेला तरी वाट मोकळी! पण त्याच्या वाटणीचे व्होल्ट उरलेल्यांच्या डोक्यावर. ते जरा जास्त झगझगतात आणि लवकर उडतात. त्यामुळे मेलेला बल्ब लगेच बदलायचा, हा बाबांचा कायदा. आम्ही तो मोडला. गेल्या वर्षी तीन बल्ब तसेच राहिले, यंदा बघतो तर अकरा गेलेले.

आणि माळ पूर्ण बंदच असेल, तर शोध. बाबांना आता शिडी बंद केली आहे, म्हणून ते खाली खुर्चीत टेस्टर घेऊन बसतात. तो न टोचता, नुसती वीज जवळ असली की वाजणारा टेस्टर. एकेका होल्डरवरून तो सरकवत न्यायचा. बीप, बीप, बीप, आणि एका बल्बापाशी गप्प. तिथेच घोळ. परवा तर त्या बल्बच्या तारेचा पाय नुसताच वाकलेला निघाला. बाबांनी तो नखानं सरळ करून बल्ब परत खोचला आणि माळ लागली. त्यांचा चेहरा बघायला हवा होतास. खरं सांगू? दारावरची रोषणाई लोकांसाठी असते, आमची मजा त्या गप्प झालेल्या टेस्टरपाशी असते.

लेकीला मात्र हे सगळं पुराणवस्तू वाटतं. तिनं यंदा पिक्सेलची माळ आणली. प्रत्येक दिव्यात इवलीशी चिप, हवा तो रंग दे. पाच व्होल्टवर चालते. तिनं खिडकीभोवती पांढरा रंग लावला, तर सुरुवातीला शुभ्र आणि शेवटाकडे पिवळट होत लालसर. शेजारी म्हणाले, वा, काय छटा साधलीय! छटा कसली, लांब तारेत व्होल्ट गळत होते. निळ्या-हिरव्या एलईडीला तीनेक व्होल्ट लागतात, लालचं दोनात भागतं, म्हणून टोकाला लालच तग धरून होता. दुसऱ्या टोकालाही वीज जोडली तेव्हा कुठे पांढरं पांढरं झालं. बाबा गालात हसत होते. नव्या माळेतही शोधायला काहीतरी निघालं, याचंच त्यांना बरं वाटलं असावं.

हे सगळं एडिसनच्या एका सहकाऱ्यामुळे, एडवर्ड जॉन्सन त्याचं नाव. 1882 मध्ये त्यानं न्यूयॉर्कच्या घरी झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे 80 बल्ब लावले, वर झाड फिरतंही ठेवलं. हे बाबांनी कुठेतरी वाचलं आणि आमचं झाड फिरत्या स्टुलावर चढवलं. तिसऱ्या फेऱ्याला वायर बुंध्याला गुंडाळली गेली, चौथ्याला झाड आईच्या अंगावर. तेव्हापासून आमच्या घरात झाड एका जागी उभं राहतं.

बाकी बाहेरची सगळी जोडणी ईएलसीबीवर, म्हणजे वीज गळाली की आपोआप बंद होणाऱ्या स्विचवर आहे आणि प्लगच्या अलीकडे वायरला खाली झोल दिला आहे, पाणी तिथूनच ठिबकून जावं म्हणून. तेव्हा काळजी करू नकोस.

एक काम कर. तुमच्या पोटमाळ्यावर तसल्या जुन्या माळा पडून असतील तर टाकू नकोस. बंद असल्या तरी चालतील, मला बल्ब हवेत. हिरव्या बुडाचे, दाबून बसणारे, अडीच व्होल्टचेच. अकरा पुरतील, पण वीस पाठव.

तुझा,
शिडीवरचा