राऊटर भंगारात घाला म्हणण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काल तुमच्या पुरवणीत घरातल्या वाय-फाय राऊटरवरचा लेख वाचला. रात्री झोपेपर्यंत तो डोक्यात होता, म्हणून आज दुकान उघडायच्या आधी हे पत्र लिहायला बसलो. कंपनी सोडून बाहेरचं फर्मवेअर, म्हणजे राऊटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, टाकणं हा हॅकर लोकांचा बेकायदा उद्योग आहे, आणि राऊटर जुना झाला की भंगारात घालून नवा आणावा, असं लेखकांनी ठासून लिहिलं आहे. दोन्ही गोष्टी मला मान्य नाहीत.

ओपनडब्ल्यूआरटी हे असंच बाहेरचं फर्मवेअर, पण ते चोरीचं सॉफ्टवेअर नाही. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राऊटरमध्ये लिनक्स ही खुली प्रणाली आहे हे लोकांच्या लक्षात आलं, तिच्या परवान्याच्या अटीप्रमाणे कंपनीला २००३ मध्ये सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्राम, खुला करावा लागला, आणि त्याच कोडवरून पुढच्या वर्षी हा प्रकल्प सुरू झाला. नावातलं डब्ल्यूआरटी तिथलंच. अमेरिकेतल्या दूरसंचार आयोगाने २०१६ मध्ये रेडिओची ताकद मर्यादेपेक्षा जास्त ठेवल्याबद्दल टीपी-लिंककडून दोन लाख डॉलर घेतले, तेव्हाच्या तडजोडीतसुद्धा कंपनीने बाहेरच्या फर्मवेअरला वाट ठेवायची असं ठरलं. नियम मोडतो तो ताकद वाढवणारा. सेटिंगमध्ये देश भारत ठेवा आणि ताकदीला हात लावू नका, एवढं लेखात सांगता आलं असतं.

माझं साताऱ्यात झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये वाय-फायला कुलूप लावणाऱ्या डब्ल्यूपीए२ पद्धतीतली 'क्रॅक' ही त्रुटी उघड झाली. माझ्या राऊटरला कंपनीचं शेवटचं अपडेट त्याच्याही आधीचं. ग्राहक सेवेला दोनदा फोन केला, दोन्ही वेळा उत्तर एकच, नवीन मॉडेल घ्या. ओपनडब्ल्यूआरटीची दुरुस्ती मात्र त्याच महिन्यात आलेली होती. दुकानात लोकांचे आधार आणि बँक पासबुकं स्कॅन होतात. मला ते नुसतं चालवून नेणं जमेना.

२०१९ च्या जूनमध्ये, इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या दिवसांत, रात्री दुकान बंद करून मी फर्मवेअर टाकायला घेतलं. राऊटर उलटा करून स्टिकरवरचा व्हर्जनचा आकडा पाहिला, त्याच आकड्याची फाईल घेतली, केबल लावली. स्क्रीनवरची पट्टी निम्म्यावर आली आणि लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू, राऊटर बंद. पाऊण तासाने लाईट आली तेव्हा राऊटरचे सगळे दिवे एकदम लागायचे, विझायचे, परत लागायचे. सकाळी नऊला पोरं कागदपत्रं घेऊन येणार होती. माझ्या पोटात गोळा आला.

पण राऊटरच्या फ्लॅश मेमरीच्या सुरुवातीला बूटलोडर म्हणून एक छोटा भाग असतो, त्याला आपण सहसा धक्का लावत नाही. तो शाबूत होता. लॅपटॉपला १९२.१६८.०.६६ हा पत्ता दिला, राऊटरला फाईल पाठवणारा टीएफटीपी सर्व्हर चालू केला, फाईलला राऊटर मागतो ते नाव दिलं. पुतण्याने पेनाच्या टोकाने रिसेट दाबून धरलं आणि मी बटण चालू केलं. तिसऱ्या खेपेला राऊटरने फाईल उचलली. दिवे स्थिर झाले तरी मोबाईलवर वाय-फाय दिसेना, पुन्हा धस्स झालं. मग कळलं की ओपनडब्ल्यूआरटीत वाय-फाय सुरुवातीला बंदच असतं, आत जाऊन चालू करावं लागतं. दीड वाजता घरी गेलो आणि सकाळी नऊला पहिला फॉर्म भरला.

म्हणजे खरी भीती दोन ठिकाणी आहे. व्हर्जन न बघता भलतीच फाईल टाकणं आणि मध्येच लाईट जाणं. राऊटर आणि लॅपटॉप इन्व्हर्टरवर घ्या, वॉरंटी संपेपर्यंत थांबा, हे वाचकाला सांगायला हवं होतं. अख्ख्या लेखात व्हर्जन हा शब्दच नाही.

तोच राऊटर दुकानात आजही चालतो. पूर्वी एकाने स्कॅन अपलोड करायला घेतले की शेजारच्या कॉम्प्युटरवर पान उघडायचं नाही. ओपनडब्ल्यूआरटीतलं एसक्यूएम, म्हणजे लाइन सगळ्यांत वाटून देणारी सोय, चालू करून वेग लाइनच्या क्षमतेच्या नव्वद टक्क्यांवर बांधला, तेव्हापासून ती तक्रार गेली. लेखकांचं एक मात्र खरं आहे. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमवाल्या लहान राऊटरांना ओपनडब्ल्यूआरटीच्याही नव्या आवृत्त्या मिळत नाहीत, १९.०७ ही त्यांची शेवटची मालिका आणि तिचाही आधार २०२२ मध्ये संपला. ते बदलावेत. पण सरसकट सगळ्यांना भंगाराची वाट दाखवू नका. हजार-दीड हजार रुपये आमच्या गिऱ्हाइकांना जड जातात.

आणखी एक. लेखासोबत छापलेला फोटो राऊटरचा नाही, तो आठ पोर्टांचा स्विच आहे. त्याला ना अँटेना ना वाय-फाय. काल संध्याकाळीच एक काका ते कात्रण घेऊन दुकानात आले आणि "हे कुठं मिळेल?" विचारत होते. दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा