बल्बभोवतीचं रिंगण

मनू,

काल फोन रागात मीच ठेवला, चुकलं माझं. पण तू हसत हसत सांगितलंस की संध्याकाळी बल्बभोवती रंगीत रिंगण दिसतं, नंबर वाढला असेल, आणि मला एकदम आजी दिसली, भिंत चाचपत मोरीकडे जाणारी. तिलाही आधी रिंगणच दिसायची गं. डोळे दाखवून घे. एवढंच लिहिणार होतो.

तू पाठवलेलं ते जर्मन चित्रकार एमिली प्रायरचं चित्र रात्री झूम करून करून बघितलं. काळ्या द्राक्षांवर तो पांढुरका थर, तासगावला मामाच्या बागेत बोट लागलं की पुसला जायचा आणि मामा ओरडायचा, अगदी तोच. आणि संगमरवरी कडेवर एक पाण्याचा थेंब, वरून चमक, खाली सावली, आणि त्या सावलीत परत उजेडाचा ठिपका. 30 वर्षं पाट्या रंगवल्या मी, अक्षरांना शेड दिली, पण असा उजेड मला नाही जमला. किती तास गेले असतील त्या एका थेंबावर. तू निदान रात्री तरी बारीक काम करू नकोस.

मग तिच्याबद्दल वाचत बसलो. 1849 चा जन्म, डुसेलडॉर्फचा. गावातच एवढी मोठी कला अकादमी, भाऊ पॉल तिथे शिकला, हिला मुलगी म्हणून प्रवेश नाही. मग बापाच्याच हाताखाली शिकली, योहान प्रायर, तोही फळंफुलंच काढायचा. मुलींना रीतसर दार उघडेपर्यंत पहिलं महायुद्ध होऊन गेलं, हिची सत्तरी आली होती. इथे मी मोबाईल खाली ठेवला. दादाची फी आधी भरली आणि तू दोन वर्षं झेरॉक्सच्या दुकानात उभी राहिलीस, ते तू कधी बोलून दाखवलं नाहीस, मीही नाही.

आणि तिला शिकवायला तसा बाप तरी होता. मी काय शिकवलं तुला, ब्रश टर्पेंटाइनमध्ये उभा ठेवू नको, केस वाकतात, एवढंच. तरी तुझ्या जास्वंदीवरचा तो थेंब मी चहाच्या गाडीवर सगळ्यांना दाखवला. एकाने फोटो आहे म्हणून पैज लावली, हरला.

ती 81 वर्षांची होऊन 1930 ला गेली. तेवढी वर्षं तुझे डोळे चालले पाहिजेत, म्हणून बोलतो. परत लेक्चर झालं, सॉरी. पण काचबिंदू घराण्यात असतो, डॉक्टरांना आजीचं आवर्जून सांग, नुसता चष्म्याचा नंबर काढून येऊ नकोस, डोळ्यातलं प्रेशर बघायला सांग.

पैसे टाकलेत, त्यातून ब्रश घेऊ नकोस. आई लाडू पाठवतेय. रिंगण एकाच डोळ्याला दिसतं की दोन्ही, तेवढं आज कळव.

बाबा